‘टर्बो गेला’ : एका वाक्प्रयोगाचे यांत्रिक विवेचन

भिवंडी हे शहर यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहे. अलीकडे मुंबई-नाशिक महामार्गालगतच्या गोदामांमुळे तेथे मालमोटारींची ये-जाही अहोरात्र चालू असते. माणकोली, अंजूरफाटा या भागांतील गॅरेजांतून एक वाक्य वारंवार कानी पडते : ‘टर्बो गेला.’ वाक्य दोनच शब्दांचे. परंतु ‘गेला’ या क्रियापदाच्या पोटात चार भिन्न अवस्था दडलेल्या असतात. दांडा घासलेला असेल, ऑइल गळत असेल, चाकाचे पाते मोडले असेल, किंवा टर्बो सर्वस्वी शाबूत असून हवेचा पाइप मात्र फाटलेला असेल. हा भेद न केल्यास चांगली वस्तू भंगारात जाते, अथवा नवी वस्तू थोड्याच दिवसांत निकामी होते. आणि भुर्दंड पडतो तो बहुधा एकाच गाडीवर संसार चालविणाऱ्या मालकावर. म्हणून हा प्रश्न जितका यंत्राचा तितकाच शब्दांचाही आहे.

टर्बोचार्जर म्हणजे एंजिनातून वाया जाणाऱ्या धुराच्या शक्तीवर चालणारा हवेचा पंप होय. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने या कल्पनेचे पेटंट १९०५ साली घेतले. धुराच्या बाजूस टर्बाइनचे चाक, हवेच्या बाजूस काँप्रेसरचे चाक आणि दोहोंना जोडणारा दांडा, ही त्याची मूळ रचना. मालमोटारीत हा दांडा मिनिटास लाखाच्या घरात फेरे घेऊ शकतो. तो बेअरिंगांत तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. धातूने धातूस टेकू नये, हीच सारी योजना. तेल एंजिनाच्या पंपाकडून दाबाने येते आणि खालच्या जाड नळीतून आपल्याच वजनाने ऑइल चेंबरमध्ये परतते.

आता ‘प्ले’ हा शब्द घेऊ. मिस्त्री हवेच्या बाजूचे चाक बोटांनी धरून हलवितो आणि ‘प्ले आला’ असा निर्णय देतो. परंतु तेलाच्या थरासाठी मुद्दाम जागा सोडलेली असल्याने, थांबलेल्या टर्बोत दांडा आडवा थोडा हलणे हे स्वाभाविकच असते. चाक घराला घासत असेल तरच तो दोष ठरतो. दांडा लांबीच्या दिशेने मागेपुढे होणे ही गोष्ट मात्र निराळी. तेथील मोकळीक मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजावयाची असते. ती बोटांना स्पष्ट जाणवली तर थ्रस्ट बेअरिंग झिजले, असे समजावे. ‘प्ले’ या एका शब्दाने हा भेद पुसला जातो. मराठीत मात्र तो दोन क्रियापदांनी सहज सांगता येतो : दांडा ‘हलतो’ की ‘सरकतो’?

‘सील गेले’ हा प्रयोगही असाच फसवा आहे. सील म्हणताच रबराची कडी डोळ्यांपुढे येते. टर्बोत सामान्यतः पिस्टनरिंगसारखी धातूची बारीक कडी असते, आणि ऑइल अडते ते बव्हंशी आतल्या-बाहेरच्या दाबांतील फरकामुळे. परतीची नळी तुंबली, एंजिनाच्या चेंबरमध्ये दाब वाढला किंवा धुळीने एअर फिल्टर चोंदला, तर कडी शाबूत असूनही ऑइल बाहेर पडते. अशा वेळी टर्बो बदलूनही गळती थांबत नाही.

निगा राखण्याचे नियम या रचनेतूनच निघतात. ऑइल आणि त्याचा फिल्टर वेळेवर बदलावा, एअर फिल्टर स्वच्छ असावा. भरलेली गाडी कसारा घाट चढून येताच एंजिन तत्काळ बंद करू नये. तसे केल्यास तेलाचा प्रवाह थांबतो, तापलेल्या टर्बाइनची उष्णता बेअरिंगांकडे येते आणि तेथे अडकलेले तेल जळून त्याची काजळी धरते. दोन-तीन मिनिटे एंजिन संथ चालू ठेवले की हे टळते.

पाती मोडली, दांडा वाकला किंवा घराला मोठी चीर गेली, तर ते भाग बदलणेच इष्ट. केवळ बेअरिंगे झिजली असतील तर दुरुस्ती शक्य असते. परंतु फिरणारा संच यंत्रावर तोलून घेतल्यावाचून ती दुरुस्ती पुरी होत नाही. नवा टर्बो बसविण्यापूर्वी जुना का बिघडला, हे शोधावे. तेलाच्या नळ्या साफ कराव्यात वा बदलाव्यात, हवेच्या मार्गातील मोडके तुकडे काढावेत आणि एंजिन सुरू करण्याआधी टर्बोच्या तोंडात स्वच्छ ऑइल ओतावे. पहिल्या काही क्षणांचा कोरडेपणाही बेअरिंगांस घातक ठरतो.

परिभाषा म्हटली की आपली दृष्टी नव्या नामांकडे वळते. येथे नामांची उणीव नाही. टर्बो, बेअरिंग, सील ही नामे कारागिराच्या जिभेवर रुळली आहेत. उणीव आहे ती क्रियापदांच्या काटेकोर वापराची. ‘गेला’ म्हणण्यापूर्वी हलतो, सरकतो, घासतो की गळतो, एवढे विचारले तरी निदानाचा अर्धा मार्ग संपतो.