नगरसेवक नव्हते, तेव्हा सही कोणाची होती?

मंडळी, पाडव्याला डोंबिवलीच्या फडके रोडवर पाय ठेवायला जागा नसते. 1999 साली गणेश मंदिर संस्थानाने स्वागतयात्रा सुरू केली, पुढे ठाण्यात, गिरगावातही अशा यात्रा निघू लागल्या. गर्दी जमवायला आपल्याला कोणी शिकवायला नको! पण गल्लीतलं गटार तुंबलं तर जायचं कोणाकडे?

नोव्हेंबर 2020 मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत संपली. पुढची निवडणूक झाली थेट जानेवारी 2026 मध्ये. मधल्या काळात कारभार प्रशासकाकडे. लोक म्हणतात, ‘कामं तर चालू होती की!’ होती. पण हिशेब बघा.

एरवी आयुक्त अंदाजपत्रक तयार करतात. ते 16 नगरसेवकांच्या स्थायी समितीपुढे जातं, मग महासभेपुढे. तिथे आरडाओरडा होतो, वेळ जातो, कधीकधी निव्वळ करमणूकही होते. पण ‘माझ्या वॉर्डातला रस्ता का वगळला?’ हे कोणीतरी उभं राहून विचारतं, त्याला उत्तर द्यावं लागतं आणि ते इतिवृत्तात येतं. प्रशासकाच्या राजवटीत आयुक्तच प्रशासक. म्हणजे प्रस्ताव मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच. अधिकारी कितीही सचोटीचा असो, त्याला भर सभेत अडवणारं कोणी नव्हतं.

आता सभागृह पुन्हा भरलंय. महासभा नागरिकांनाही बसून ऐकता येते, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. अंदाजपत्रकाच्या सभेला आपल्यातले दहाजण तरी जाऊन बसूया. डबा घेऊन या, सभा लांबते.