मोजून दिलेली उष्णता

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत कुणाच्या घरी कर्करोगाचं निदान झालं की भेटायला येणारी माणसं दोन सल्ले हमखास देऊन जातात. दुखतं तिथे शेक द्या आणि ताकदीच्या गोळ्या सुरू करा. सल्ल्यामागे माया असते, त्यामुळे नाही म्हणवत नाही. उष्णता आणि जीवनसत्त्वं ही दोन्ही कर्करोगाच्या उपचारात खरोखर वापरली जातात. मात्र तिथे दोन्ही मोजून दिली जातात, आणि सगळा फरक त्या मोजण्यात आहे.

उष्णतेचा इतिहास जुना आहे. १८६६ साली जर्मनीत बुश या शल्यविशारदाने एका रुग्णाची नोंद केली. चेहऱ्यावर गाठ असलेल्या त्या रुग्णाला त्वचेचा संसर्ग होऊन जोराचा ताप आला आणि गाठ विरघळली. ताप बरा करतो की काय, हा प्रश्न तेव्हापासून वैद्यकाच्या मागे लागला. आजच्या हायपरथर्मियात ताप आणत नाहीत, गाठच तापवतात. तिचं तापमान साधारण ४१ ते ४३ अंशांवर नेऊन अर्धा ते एक तास तिथेच राखतात. मे महिन्यात आपल्या शहराचा पारा याच्या जवळपास जातो, पण शरीर घाम गाळून स्वतःला ३७ वर धरून ठेवतं. गाठीला ते जमत नाही. तिच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढलेल्या असतात, आत शिरलेली उष्णता बाहेर नेणारा रक्तप्रवाह अपुरा पडतो. गाठीच्या पोटातल्या, प्राणवायूला पारख्या झालेल्या पेशींवर रेडिएशन कमी चालतं. नेमक्या त्याच पेशी उष्णतेला बळी पडतात. शिवाय किरणांनी तुटलेला डीएनए दुरुस्त करण्याची पेशींची ताकदही उष्णता मोडते. म्हणून हा उपचार एकटा देत नाहीत, रेडिएशनच्या किंवा केमोच्या जोडीने देतात.

यंत्र पाहिलं तर त्यात शेगडीसारखं काही नसतं. रुग्णाच्या दोन बाजूंना दोन इलेक्ट्रोड, त्यांच्यातून जाणाऱ्या रेडिओलहरी, आणि कातडी भाजू नये म्हणून मध्ये थंड पाण्याच्या पिशव्या. तापमापक शक्य तितका गाठीजवळ ठेवतात. पेसमेकर असलेल्यांना हा उपचार देत नाहीत. रोजही देत नाहीत, कारण एकदा तापलेल्या पेशी काही काळ उष्णतेला सरावतात.

महाराष्ट्रात या विद्येचं नाव घ्यायचं तर मुंबईच्या नानावटी रुग्णालयातले डॉ. नागराज हुइलगोळ यांचं घ्यावं लागतं. २०१० साली त्यांच्या गटाने तोंड-घशाच्या वाढलेल्या कर्करोगावरची चाचणी प्रसिद्ध केली. नुसतं रेडिएशन मिळालेल्यांत सुमारे ४२ टक्के रुग्णांची गाठ पूर्ण गेली. आठवड्यातून एकदा उष्णताही मिळालेल्यांत सुमारे ७९ टक्के. रुग्ण पन्नासच्या वर थोडेच होते, त्यामुळे हा शेवटचा शब्द नव्हे. नेदरलँड्समधली २००० सालची चाचणी मोठी होती. त्यातल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या ११४ स्त्रियांपैकी, केवळ रेडिएशन मिळालेल्या गटात तीन वर्षांनी २७ टक्के जिवंत होत्या, उष्णतेची जोड मिळालेल्या गटात ५१ टक्के. आज रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध देण्याची रीत आहे, आणि त्यावर उष्णतेने आणखी किती भर पडते याचा निकाल अजून पक्का नाही.

हे दोन्ही कर्करोग मराठवाड्याच्या ओळखीचे आहेत. तंबाखूने तोंडाचा दिला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर जगभर उल्लेखली जाणारी तपासणी तर मराठवाड्यातल्याच धाराशिव जिल्ह्यात झाली. तीत १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश होता, आणि एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्मे होतात हे २००९ साली सिद्ध झालं. माझ्या मते यंत्राआधी ही चाचणी गावोगाव पोचायला हवी.

जीवनसत्त्वांची गोष्ट याहून नाजूक आहे, कारण ती कुणीही दुकानातून आणू शकतं. ‘क’ जीवनसत्त्वाचे मोठे डोस तोंडाने देऊन मेयो क्लिनिकने १९७९ आणि १९८५ साली चाचण्या घेतल्या. फायदा दिसला नाही. शिरेतून दिलं तर रक्तातली पातळी कितीतरी वर जाते. चीनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगात ते उष्णतेच्या जोडीने देऊन पाहिलं आहे, पण तो अजून अभ्यासाचा विषय आहे. जी६पीडी विकर कमी असलेल्याच्या तांबड्या पेशी अशा सलाईनने फुटू शकतात, आणि ग्लुकोमीटर साखर खोटी जास्त दाखवू शकतं. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन दिलं, तर त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला. हे १९९४ साली छापून आलं आणि तरीही ‘निरुपद्रवी गोळी’ हा समज जात नाही.

उलट कमतरता भरून काढणं हा उपचारच आहे. जठर पूर्ण काढलेल्या माणसाला बी-१२ जन्मभर लागतं. पेमेट्रेक्सेड हे केमोचं औषध सुरू करण्याआधीच फॉलिक ॲसिड आणि बी-१२ द्यावं लागतं. ‘ड’ जीवनसत्त्वाची पातळी साध्या रक्ततपासणीत कळते.

छावणीपासून आमखास मैदानाजवळचं शासकीय कर्करोग रुग्णालय दूर नाही. तिथे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, पुड्या आणि काढे एका पिशवीत भरून न्या आणि डॉक्टरांसमोर ठेवा. रेडिएशन चालू असलेल्या कातडीवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. आणि कुणी उष्णतेचा उपचार सुचवला तर विचारा: तापमान कुठे मोजणार, आणि सोबत रेडिएशन किंवा केमो आहे का?