राउटर आपला, परवानगी शेजाऱ्याची

तुमच्या घरातला वाय-फाय राउटर नकाशावर नेमका कुठे आहे, याची नोंद ॲपल आणि गूगलकडे बहुधा केव्हाच झालेली आहे. ती तुम्ही दिलेली नाही. वरच्या मजल्यावरच्या काकांच्या फोनने दिली असेल, पार्सल घेऊन जिन्यात उभ्या असलेल्या मुलाच्या फोनने दिली असेल, नाहीतर खालच्या रस्त्यावर खोळंबलेल्या रिक्षातल्या प्रवाशाच्या फोनने. त्यांनी आपापल्या फोनवर लोकेशन चालू ठेवायला होकार दिला आणि त्या होकारात तुमचं घरही धरलं गेलं.

यासाठी कुणाला भिंतीला कान लावावा लागत नाही. राउटर स्वतःच सेकंदाला साधारण दहा वेळा आपली वर्दी देत असतो. त्या वर्दीत नेटवर्कचं नाव असतं आणि बारा अंकाक्षरांचा एक क्रमांक असतो. त्याला बीएसएसआयडी म्हणतात. पहिल्या अर्ध्या भागावरून राउटर कुठल्या कंपनीचा ते कळतं, उरलेला भाग त्या एका यंत्राचा. पासवर्ड कितीही अवघड ठेवला तरी ही वर्दी उघडीच राहते, कारण ती ऐकल्याशिवाय कुठलाच फोन राउटरशी बोलणं सुरू करू शकत नाही.

रस्त्यावरचा फोन हे क्रमांक ऐकतो, जीपीएसवरून स्वतःची जागा जोडतो आणि कंपनीकडे पाठवून देतो. अशा असंख्य नोंदी जमल्या की गणित उलटं चालवता येतं. मॉलच्या तळघरात उपग्रहाचा सिग्नल पोचत नाही, तेव्हा फोन आसपासचे राउटर ऐकतो आणि त्यांच्या ज्ञात जागांवरून स्वतःची जागा काढतो. हे काम झटपट होतं, बॅटरीही कमी लागते. दाट वस्तीत पत्ता शोधणाऱ्या प्रत्येकाला याचा उपयोग झालेला आहे, तेव्हा ही सोयच वाईट म्हणण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच, की ज्यांच्या राउटरांवर ती उभी आहे त्यांना कुणी विचारलं का?

गाड्यांपासून खिशापर्यंत

सुरुवातीला हे काम गाड्या करत. अमेरिकेत बोस्टनमध्ये २००३ साली सुरू झालेल्या स्कायहूक या कंपनीने शहराशहरांत गाड्या फिरवून राउटरांची यादी केली. २००८ मध्ये आयफोनने तीच यादी वापरली. २०१० पासून ॲपलने स्वतःची यादी वापरायला घेतली. गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूच्या गाड्या रस्त्यांचे फोटो काढता काढता वाय-फायही टिपत होत्या. जर्मनीच्या नियामकांनी चौकशी लावून धरल्यावर मे २०१० मध्ये गूगलने कबूल केलं, की पासवर्ड नसलेल्या नेटवर्कांवरून जाणाऱ्या मजकुराचे तुकडेही गाड्यांनी साठवले होते. पुढे त्यात ईमेल आणि पासवर्ड सापडले. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ३८ राज्यांशी झालेल्या तडजोडीत कंपनीने ७० लाख डॉलर मोजले.

त्या गदारोळात एक कामाची गोष्ट नेदरलँड्समध्ये घडली. राउटरचा क्रमांक आणि त्याची जागा एकत्र केली की ती वैयक्तिक माहिती ठरते, असं तिथल्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने २०११ मध्ये ठरवलं आणि यादीतून बाहेर पडण्याची सोय देण्याचा आदेश गूगलला दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गूगलने ती सोय जाहीर केली. ती काय आहे, ते पुढे येईलच.

आपल्याकडचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. भारतात सुरू झालेल्या इनमोबी या जाहिरात कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये कारवाई केली. ज्यांनी लोकेशनची परवानगी दिली होती, त्यांच्या फोनवरून कंपनीने कुठला राउटर कुठे आहे याचा कोठा भरला. मग ज्यांनी परवानगी नाकारली होती, त्यांचे फोन कुठल्या राउटरच्या टापूत आहेत ते पाहून त्यांचीही जागा काढली, असा आयोगाचा आरोप होता. दंड ४० लाख डॉलरचा ठरला. कंपनीची आर्थिक स्थिती पाहून तो साडेनऊ लाखांवर आणला गेला. एकाच्या होकाराने दुसऱ्याचा नकार कसा पुसता येतो, ते या प्रकरणात कागदोपत्री आलं.

मुक्काम हलतो तेव्हा

एका जागी बसलेला राउटर नकाशावर दिसला तर बिघडलं काय, असं कुणी विचारेल. इमारत तर सगळ्यांना दिसतेच. खरी अडचण राउटर हलतो तेव्हा येते. हा क्रमांक म्हणजे घर बदललं तरी सामानाबरोबर येणारी दारावरची पाटी आहे. नवा पत्ता कुणाला सांगा, न सांगा. शेजारच्या फोनांनी वर्दी ऐकली की काही दिवसांत यादीतली जागा बदलते.

मेरीलँड विद्यापीठातले एरिक राय आणि डेव्ह लेविन यांनी हे २०२४ मध्ये दाखवून दिलं. ॲपलच्या सेवेला एका राउटरचा क्रमांक विचारला की ती त्याची जागा सांगे आणि वर आसपासच्या ४०० पर्यंत राउटरांची जागाही हाती देई. यामागचा हेतू भलाच होता: सगळं गणित फोनमध्येच व्हावं, विचारणारा नेमका कुठे उभा आहे ते ॲपललाही कळू नये. पण विचारणाऱ्याची जागा झाकताना ज्यांच्याबद्दल विचारलं जातंय त्यांची उघडी पडली. ही माहिती मिळवायला ओळख पटवावी लागत नव्हती. राउटर बनवणाऱ्या कंपन्यांना वाटून दिलेल्या क्रमांकांतून अंदाजाने सुरुवात करून या दोघांनी वर्षभरात दोनशे कोटींहून जास्त राउटरांच्या जागा जमवल्या. युक्रेनमध्ये ये-जा करणारे स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट सेवेचे संच त्यात दिसले, गाझातून नाहीसे होत गेलेले राउटरही दिसले.

युद्धभूमी दूर राहू द्या. अकरा महिन्यांच्या करारावर घरं बदलणाऱ्या भाडेकरूचा विचार करा. किंवा मारहाण करणाऱ्या नवऱ्याचं घर सोडून मुलांसह दुसऱ्या गावी गेलेल्या बाईचा. सोबत राउटर नेला असेल, तर त्याचा क्रमांक नवऱ्याला ठाऊक असू शकतो. तो बहुधा राउटरच्या पाठीवरच्या स्टिकरवर छापलेला असतो, आणि नवऱ्याचा फोन कधीकाळी त्याच राउटरला जोडलेलाही होता. अशा वेळी जुना राउटर मागेच ठेवावा आणि नवा घ्यावा, हा सल्ला वकिलाच्या सल्ल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

नावात काय लिहायचं

बाकीच्यांसाठी उपाय सोपा आहे, फक्त विचित्र आहे. नेटवर्कच्या नावाच्या अगदी शेवटी अंडरस्कोर म्हणजे खालची आडवी रेघ आणि तिला जोडून लहान लिपीतली पाच इंग्रजी अक्षरं टाकायची: एन, ओ, एम, ए, पी. गूगल हे शेपूट २०११ पासून मानतं, ॲपलने मार्च २०२४ पासून मानायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टची खूण वेगळी आहे: अंडरस्कोर आणि पुढे ओ, पी, टी, ओ, यू, टी. ती नावात कुठेही चालते, म्हणून दोन्ही हवी असतील तर ही आधी आणि पाच अक्षरांची शेवटी.

नाव बदलायचं ते राउटरच्या सेटिंगमध्ये किंवा इंटरनेट कंपनीच्या ॲपमध्ये. जमत नसेल तर जोडणी करून देणाऱ्या नेटवाल्याला सांगावं. त्याचं ते दोन मिनिटांचं काम. बऱ्याच राउटरांवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची दोन नावं असतात, पाहुण्यांसाठी तिसरं असतं, सगळी बदलावीत. त्यानंतर टीव्ही, कॅमेरा, प्रिंटर पुन्हा जोडावे लागतील. देवनागरीत नाव ठेवणाऱ्यांनी आधी हिशेब करावा. नावाला एकूण ३२ बाइट मिळतात आणि देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा तीन बाइट घेते. पाच अक्षरांचं शेपूट लावल्यावर जेमतेम आठ चिन्हांची जागा उरते. नोंद लगेच पुसली जात नाही. पुढच्या वेळी एखादा फोन नवं नाव ऐकून कळवेल, तेव्हा ती जाईल.

नावात आडनाव आणि फ्लॅट क्रमांक घालायची आपल्याकडची हौसही सोडावी. वायगल नावाचं स्वयंसेवकांनी २००१ पासून भरत आणलेलं संकेतस्थळ आहे, तिथे नेटवर्क नावावरूनही शोधता येतं. नाव लपवण्याचा पर्याय मात्र फसवा आहे. नाव दडलं तरी क्रमांक ऐकू येतच राहतो, आणि घरचे फोन बाहेरही ते दडलेलं नाव पुकारत फिरतात. आपणही दुसऱ्याच्या घराची नोंद करतोच. तेव्हा लोकेशनची परवानगी ज्या ॲपला खरोखर लागते त्यालाच द्यावी, आणि अँड्रॉइडवर लोकेशनच्या सेटिंगमधलं वाय-फाय स्कॅनिंग बंद करावं. ते चालू असेल तर वाय-फाय बंद ठेवलं तरी फोन आसपासचं ऐकत राहतो.

एवढं करूनही एक गोष्ट खटकत राहते. फोनांचा प्रश्न कंपन्यांनी स्वतःहून सोडवला: ॲपलने २०१४ पासून, अँड्रॉइडने २०१९ पासून फोनचा खरा क्रमांक लपवून बदलते क्रमांक द्यायला सुरुवात केली. कुणाला सेटिंग शोधावं लागलं नाही. राउटरलाही हे जमतं. स्टारलिंकने आपल्या संचांना सॉफ्टवेअरमधूनच बदलते क्रमांक देऊन ते दाखवलं आहे. घरोघरी फायबर टाकणाऱ्या आपल्या कंपन्या राउटरही स्वतःच देतात आणि त्याचं सॉफ्टवेअर दुरूनच बदलतात. त्यांनी मनावर घेतलं तर एका रात्रीत लाखो घरांचे क्रमांक बदलते होतील. तोवर नकार कळवण्याचं काम ग्राहकाच्या गळ्यात आहे, आणि तेही स्वतःच्या नेटवर्कचं नाव बिघडवून. पुढच्या वेळी जोडणीचं नूतनीकरण करताना वेग आणि दराबरोबर हाही प्रश्न कंपनीला विचारायला हरकत नाही.