थेम्सच्या तळाची अक्षरे

अक्षराचा मालक कोण? ते घडवून घेणारा, की ते वाचणारा? इंग्लंडमधील एका टाईपाच्या इतिहासात हा प्रश्न मोठ्या विलक्षण रीतीने उपस्थित झाला.

लंडनच्या हॅमरस्मिथ भागात १९०० साली टी. जे. कॉब्डन-सँडरसन आणि एमरी वॉकर यांनी ‘डव्ह्ज प्रेस’ हा छापखाना काढला. ग्रंथाचे सौंदर्य वेलबुट्टीत नसून अक्षरांच्या घाटात व जुळणीत असते, अशी त्यांची श्रद्धा होती. पंधराव्या शतकातील व्हेनिसचे मुद्रक निकोलस जेन्सन यांच्या अक्षरांवरून त्यांनी एकच टाईप, एकाच आकारात, घडविला. त्याचे पोलादी ठसे एडवर्ड प्रिन्स यांनी कोरले. १९०३ ते १९०५ या काळात पाच खंडांत निघालेल्या बायबलाने तो कीर्तीस पावला.

पुढे भागीदारी तुटली. कॉब्डन-सँडरसन यांनी टाईप हयातभर वापरावा व त्यांच्या पश्चात तो वॉकर यांच्याकडे जावा, असे ठरले. परंतु आपली अक्षरे उद्या यंत्रावर वाटेल त्या मजकुरासाठी राबतील, ही कल्पनाच त्या वृद्ध गृहस्थांना असह्य झाली. १९१३ साली त्यांनी ठसे आणि मातृका थेम्स नदीत टाकल्या. १९१६-१७ मध्ये रात्रीच्या अंधारात पुलावरून खिळेही बुडविले. १९२२ साली ते निवर्तले. वॉकर यांनी त्यांच्या पत्नीवर दावा लावून भरपाई मिळविली. टाईप मात्र गेला तो गेलाच.

जवळजवळ शतकानंतर रॉबर्ट ग्रीन या आरेखकाने छापील पानांवरून तो संगणकासाठी पुन्हा रेखाटला आणि २०१३ साली प्रसिद्ध केला. काम बिकट होते. कारण दाबामुळे शाई कडांबाहेर पसरते आणि कागदावरचे अक्षर धातूच्या अक्षराहून थोडे जाड उमटते. म्हणजे मूळ रेषा अनुमानानेच ठरवावयाची. २०१४ साली ओहोटीच्या वेळी ग्रीन यांना नदीकाठी काही खिळे सापडले. मग पाणबुड्यांच्या साह्याने सुमारे दीडशे मिळाले. त्यांच्या आधारे पुढे रेखाटनात सुधारणा झाली.

कॉब्डन-सँडरसन यांना धातू बुडविता आला. वाचकांच्या हाती गेलेली पाने मात्र परत घेता आली नाहीत. त्या पानांनीच अक्षरांचा घाट जपला, आणि ज्या यंत्रयुगाचे त्यांना भय वाटले, त्याच्याच वारसाने, संगणकाने, तो पुन्हा छपाईत आणला.