प्रवाह अचूक, तरी ठिपका कच्चा

मोटारीच्या सांगाड्यातले पत्रे काही हजार स्पॉट वेल्डांनी जोडलेले असतात. साध्या पोलादाचे एकेक मिलिमीटरचे दोन पत्रे तांब्याच्या टिपांमध्ये दाबून आठ-दहा हजार अँपिअरचा प्रवाह सेकंदाचा पाचवा हिस्सा सोडला की मधला धातू वितळतो आणि गोठून एकजीव होतो. उष्णता प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असल्याने विजेचा दाब १० टक्के उतरला तरी ती १९ टक्के घटते. इतका काटेकोर हिशेब पायाच्या पेडलवर सांभाळणे माणसाला अशक्यच. म्हणून १९३०च्या दशकात पाऱ्याचे इग्निट्रॉन हे वीज-स्विच आले आणि १९५७नंतर त्यांची जागा हळूहळू थायरिस्टरने घेतली. प्रत्येक अर्ध्या आवर्तनात तो किती उशिरा चालू करायचा हे ठरवून सर्किट प्रवाह कमी-जास्त करते.

सर्किटने नेमलेला प्रवाह तंतोतंत दिला, मग आणखी काय हवे, असे विचारले जाते. पण प्रवाह हे कारण आहे, वेल्ड हा परिणाम, आणि दोहोंमध्ये बरेच काही बिघडू शकते. वापराने ६ मिलिमीटरची टिप पसरून ७ची झाली, तर तेवढ्याच प्रवाहाची घनता सुमारे २६ टक्क्यांनी पडते. शेजारी आधीचा ठिपका असेल तर काही प्रवाह तिकडून निसटतो. मीटर मात्र दोन्ही वेळा सारे ठीक दाखवतो. म्हणून सर्किटने वेल्ड होत असतानाचा रोधही पाहायला हवा, असे मला वाटते. पोलादात तो आधी झपकन उतरतो, पत्रा तापताना चढतो आणि धातू वितळून संपर्क रुंदावला की पुन्हा ढळतो. शेवटची ही उतरण दिसली नाही, तर वेळ किंवा प्रवाह वाढवता येतो.

यावरचा आक्षेप रास्त आहे: असे सर्किट महाग पडते आणि टिप न घासण्याचा आळसही झाकते. खर्चाचे उत्तर कामावर ठरेल. चार पत्र्यांच्या खोक्यासाठी तो उधळपट्टीच, पण अपघातात माणूस वाचवणाऱ्या सांगाड्यासाठी नव्हे. आळसाला मात्र सर्किटकडे औषध नाही. त्यासाठी टिपा वेळच्या वेळी घासाव्या लागतात आणि अधूनमधून नमुन्याचा वेल्ड सोलून त्यातून उपटलेल्या धातूच्या बटणाचा व्यास मोजावाच लागतो.