टोल: नाक्यावरचा आणि चर्चमधला

द्रुतगती मार्गावर आपण भरतो तो ‘टोल’ आणि इंग्लंडमधल्या चर्चच्या घंटेचा ‘टोल’ यांचं स्पेलिंग एकच, मूळ मात्र वेगळं. पहिला ग्रीक-लॅटिनमधल्या करवाचक शब्दातून आला. दुसऱ्याचं नातं ‘ओढणे’ या जुन्या अर्थाशी जोडतात. तिथली घंटा दोर ओढूनच वाजते. हा नाद संथ, एकेका ठोक्याचा, बहुधा मृत्यूची वार्ता देणारा. अनेक गावांत पुरुषासाठी 9, बाईसाठी 6 आणि मग वयाइतके ठोके पडत. शेतात राबणाऱ्यांना मोजूनच कळे, कोण गेलं असावं. साध्या माणसाची गावानं घेतलेली ही दखल फार मोठी वाटते. आपत्तीतल्या बळींच्या संख्येलाही इंग्रजीत ‘टोल’ म्हणतात. तो मात्र घंटेतून नव्हे, करातून आला: मोजावी लागलेली किंमत.