चाच्यांच्या गावात नायक कशाला?

कॅलिफोर्नियातल्या अनाहाइम इथल्या डिस्नेलँडमध्ये १८ मार्च १९६७ रोजी ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ ही राइड सुरू झाली. वॉल्ट डिस्ने तेव्हा हयात नव्हता. तीनच महिन्यांपूर्वी, १५ डिसेंबर १९६६ ला तो गेला होता. राइड घडत असताना मात्र त्याचं तिच्यावर बारीक लक्ष होतं. स्त्रियांच्या लिलावाचा देखावा तयार झाला तेव्हा तो एका गोदामात मांडला गेला, वॉल्टला चाकांवरच्या खुर्चीत बसवलं आणि नावेच्या वेगाने देखाव्यासमोरून ढकलत नेलं. प्रेक्षकाला काय दिसेल, किती वेळ दिसेल, हे त्याला स्वतः बघायचं होतं. पुढे अर्धशतकाने, २०१८ मध्ये, बदलला गेला तो नेमका हाच देखावा. चाहत्यांच्या मनाला तो बदल इतका का लागला, ते यावरून कळतं.

ही राइड म्हणजे पाण्यावरची एक संथ सफर आहे. न्यू ऑर्लीन्सच्या जुन्या वस्तीसारख्या दिसणाऱ्या चौकात आपण नावेत बसतो. बाहेर रणरणतं ऊन असलं तरी आत कायमची रात्र असते. काजवे चमकतात, बेडूक ओरडतात, एका झोपडीच्या ओसरीवर म्हातारा झुलत्या खुर्चीत बसलेला असतो. एका बाजूला ‘ब्लू बायू’ या उपाहारगृहात खरीखुरी माणसं दिव्यांच्या मंद उजेडात जेवत असतात. मग एक कवटी बोलू लागते, इशारा देते, आणि नाव धाडकन खाली घसरते. थोड्या वेळाने पुन्हा एकदा. या दोन घसरणींमागे एक साधी अडचण होती. राइडचा मोठा भाग उद्यानाभोवतीच्या मातीच्या बांधापलीकडे आहे, आणि त्या बांधावरून रेल्वे धावते. नावेला रुळांखालून पलीकडे न्यायचं तर तिला खाली उतरवणं भाग होतं. बांधकामाच्या गरजेतून प्रवाशाला पाताळात उतरल्याचा भास मिळाला.

खालच्या गुहांमध्ये सांगाडेच सांगाडे. वादळात जहाजाचं चाक धरून उभा असलेला एक, दारूच्या गुत्त्यात बसलेले काही, सोन्याच्या राशीत पलंगावर पडलेला त्यांचा कप्तान. त्यानंतर काळ मागे सरकतो आणि हेच चाचे जिवंत दिसू लागतात: किल्ल्यावर तोफा डागताना, नगराध्यक्षाला दोरीने विहिरीत बुचकळताना, गाव लुटताना, पेटवताना. तुरुंगात अडकलेले तिघे एका कुत्र्याला हाड दाखवून विनवत असतात, कारण किल्ल्या त्याच्या तोंडात आहेत. तो ढिम्म हलत नाही. शेवटी दारूगोळ्याच्या कोठारात बसून झिंगलेले चाचे एकमेकांवर बेछूट गोळ्या झाडतात. आधी मरण दाखवायचं आणि मग ते ओढवून घेणारं जगणं, असा हा उलटा क्रम आहे.

मूळ बेत याहून फार साधा होता: मेणाच्या पुतळ्यांमधून लोकांनी चालत जायचं, बस्स. पण १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यासाठी डिस्नेच्या मंडळींनी ‘इट्स अ स्मॉल वर्ल्ड’ बनवलं. पाण्याच्या प्रवाहावर एकामागून एक नावा सोडल्या की गर्दी किती झपाट्याने पुढे सरकते, हे तिथे कळलं. त्याच मेळ्यात अब्राहम लिंकनचा पुतळा उठून उभा राहिला आणि भाषण करू लागला. हे तंत्र आणि तो पाण्याचा प्रवाह एकत्र आले तेव्हा मेणाचे पुतळे मागे पडले. पुण्याच्या गणेशोत्सवातले हलते देखावे ज्यांनी बघितलेत, त्यांना या कलेची जात लगेच ओळखू येईल. फक्त इथे गर्दी नावेतून वाहत जाते, आणि हलणाऱ्या-बोलणाऱ्या आकृत्या शंभराहून अधिक आहेत.

या राइडचं श्रेय कुणा एकाला देता येत नाही. मार्क डेव्हिसने पात्रं आणि गमती चितारल्या. नाव पुढे सरकण्याआधी, दोनतीन क्षणांत कळेल अशीच गंमत त्याला हवी असे. काळोख, गुहा, गल्लीबोळ ही सारी हवा निर्माण केली क्लॉड कोट्सने. चेहरे ब्लेन गिब्सनने घडवले, कपडे ॲलिस डेव्हिसने. ॲलिसबाईंची एक आठवण मला फार आवडते. कपड्यांचा दुसरा जोड करायला पैसे मिळेनात, तेव्हा त्यांनी खर्चाचा अंदाज वाढवून दिला आणि गुपचूप दुसरा जोड शिवून ठेवला. पुढे आगीच्या एका प्रसंगात कपडे खराब झाले, आणि तोच जोड कामी आला. राइड टिकते ती अशा माणसांमुळे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र संवादांची. ते लिहिले एक्स. अटेन्सिओने. तो मुळात ॲनिमेशनचा माणूस, पण राइडमधल्या गाण्याचे शब्दही त्यानेच लिहिले. चाली जॉर्ज ब्रन्सच्या. तयार देखाव्यांतून जाताना अटेन्सिओच्या लक्षात आलं की एकाचा आवाज दुसऱ्यात मिसळतोय, धड काही ऐकू येत नाही. त्याने वॉल्टपाशी दिलगिरी व्यक्त केली. वॉल्टचं म्हणणं वेगळं पडलं: मेजवानीत माणूस एका घोळक्यातलं थोडं ऐकतो, दुसऱ्यातलं थोडं, तसंच हे, लोक पुन्हा येतील तेव्हा काही नवं त्यांच्या कानावर पडेल. माझ्या मते ही सगळी राइड या एका विचारावर उभी आहे. इथे कथा नाही, नायक नाही. आहे ते एक लुटलं जाणारं गाव, आणि त्यातून वाहत जाणारे आपण. कुणाकडे बघायचं ते आपण ठरवायचं.

आता बदलांकडे येऊ. जुन्या लिलावात दोरीने बांधलेल्या स्त्रियांची रांग होती. काही रडत होत्या. एका जाड बाईची बोली लावताना तिच्या अंगावरून विनोद होत, आणि समोरचे झिंगलेले चाचे मागच्या लाल केसांच्या तरुणीसाठी आरडाओरडा करत. पुढच्या देखाव्यात चाचे बायकांच्या मागे धावत. एक लठ्ठ चाचा हातात बाईचा झगा घेऊन दमून बसलेला असे आणि ती बिचारी मागच्या पिंपात लपलेली असे. १९९७ मध्ये यातला पाठलाग बदलला: बायकांच्या हातात खाण्याची ताटं आली आणि चाचे अन्नामागे धावू लागले. अटेन्सिओला ते रुचलं नाही. यांना चाचे नव्हे, बालवीर म्हणा, अशा अर्थाचं तो बोलला होता. मग डिस्नेच्या पॅरिसमधल्या उद्यानातल्या याच राइडमध्ये २०१७ साली, आणि फ्लोरिडा व कॅलिफोर्नियातल्या राइडमध्ये २०१८ साली लिलावच बदलला. तीच लाल केसांची स्त्री आता बंदूक घेऊन उभी आहे, रेड नावाची चाची म्हणून, आणि लिलाव चाललाय गावकऱ्यांच्या लुटलेल्या मालाचा. चाच्यांचा आरडाओरडा आता रमसाठी आहे.

विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा वजनदार आहे, तो टाळता येणार नाही. चाचे हे वाईटच होते. आधी सांगाडे दाखवले ते याचसाठी. त्यांची पापं धुऊन काढली तर सांगाड्यांना अर्थ काय उरतो? मी यावर पुष्कळ विचार केला, आणि तरीही मला २०१८ चा बदल योग्य वाटतो. या राइडमधल्या उत्तम गमती आठवून बघा. कुत्र्यापुढे लाचार झालेले कैदी, बारुदीच्या पिंपांवर बसून गोळ्या झाडणारे मूर्ख: दोन्हीकडे आपण चाच्यांना हसतो. लिलावात मात्र चाच्यांच्या रांगेत बसून बांधलेल्या बायकांना हसायचं होतं. तिथे पापाची चीड येत नव्हती, त्यात आपण सामील होत होतो. नावेत शेजारी सात-आठ वर्षांची मुलगी बसलेली असताना तो विनोद कुणासाठी होता? शिवाय बदल करणाऱ्यांनी मार्क डेव्हिसची मांडणी मोडली नाही. लिलाव पुकारणारा, चौथरा, पाण्यापलीकडची झिंगलेली टोळी, सगळं जागच्या जागी आहे. आणि लूट, आग, विहिरीतल्या डुबक्याही तशाच आहेत. चाचे काही सज्जन झालेले नाहीत.

मला खुपतो तो २००६ चा बदल. त्यावर मात्र इतका गदारोळ झाला नाही. २००३ मध्ये या राइडवरून चित्रपट निघाला, तुफान चालला, आणि तीन वर्षांनी त्यातला कप्तान जॅक स्पॅरो राइडमध्ये येऊन बसला. एकदा नव्हे, तीनदा. विहिरीच्या देखाव्यात तो लपलाय, जिथे कधीकाळी ती स्त्री होती त्या पिंपातून तो डोकावतो, आणि शेवटी खजिन्यावर तोच बसलाय. तोफा डागणाऱ्या जहाजावरच्या अनाम कप्तानाच्या जागी चित्रपटातला बार्बोसा आला. आता नगराध्यक्षाला विचारायचा प्रश्न एकच उरला: जॅक कुठाय? पुतळे कसबी आहेत, चेहरा हुबेहूब आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण पोरं नावेत बसल्यापासून जॅकला शोधतात आणि तो दिसला की बाकी गावाकडे त्यांचं लक्ष राहत नाही. डावीउजवीकडे बघत आपली आपण गोष्ट जुळवायची ती मुभाच गेली.

मराठी वाचकाला यात आणखी एक गोष्ट टोचेल. चित्रपटमालिकेच्या तिसऱ्या भागात (२००७) जगभरच्या चाच्यांच्या म्होरक्यांची सभा भरते, आणि हिंदी महासागराचा म्होरक्या म्हणून तिथे ‘श्री संभाजी’ हजर होतो. ते नाव ऐकून संभाजी आंग्रे आठवल्याशिवाय राहत नाहीत. त्यांच्या वडिलांना, कान्होजी आंग्र्यांना, इंग्रज चाचा म्हणत. आपल्यासाठी ते मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल. राइडमधले चाचे निनावी होते तोवर कुणाच्या इतिहासाला हात लागत नव्हता. नावं आली, नायक आले, आणि त्यांच्यामागून हे सगळं ओढलं गेलं.

डिस्नेलँड कधीच पूर्ण होणार नाही, असं वॉल्ट स्वतः म्हणे, आणि बदलाचे पाठीराखे ते आवर्जून सांगतात. खरं आहे ते. पण नवं करायचं तर शांघायसारखं करावं. तिथे २०१६ मध्ये याच नावाची राइड सुरू झाली ती मुळापासून वेगळी: पाण्याखालून चुंबकांनी हव्या त्या दिशेला वळवलेल्या नावा, भलेमोठे पडदे, आणि पहिल्यापासून जॅकसाठीच रचलेली कथा. जॅक तिथे शोभतो, कारण घर त्याच्यासाठीच बांधलंय. अनाहाइमची राइड अधूनमधून डागडुजीसाठी बंद होते. अशा एखाद्या वेळी जहाजावर जुना अनाम कप्तान परत आणावा, नगराध्यक्षाला पुन्हा खजिन्याचा पत्ता विचारला जावा, आणि ते पिंप रिकामं करावं. लिलावाच्या चौथऱ्याशी रेड आहे तशीच राहू द्यावी.